हिरवा पडदा काढायला एफएफएमपेग पुरेसं आहे!

महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी हिरव्या पडद्यासमोर शूट केलेला माणूस स्वच्छ वेगळा काढता येतो. एफएफएमपेग हे व्हिडिओवर काम करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातला 'क्रोमाकी' फिल्टर नेमकं हेच काम करतो. त्याला पडद्याचा रंग सांगावा लागतो. इथे शुद्ध हिरव्याचा कोड देऊ नका, तुमच्याच फ्रेममधून रंग उचला. कॅमेऱ्यात उतरलेला हिरवा सहसा मळकट असतो. मग 'सिमिलॅरिटी', म्हणजे त्या रंगाच्या किती जवळपासचे रंग काढायचे ते, ०.१ च्या आसपासून हळूहळू वाढवत न्या. जास्त झाली की माणूसच झिरझिरीत होतो. 'ब्लेंड' कडा मऊ करतो, केसांसाठी तो हवाच.

आता माझी आवडती पायरी: 'डीस्पिल'. गालांवर, खांद्यांवर पडद्याची हिरवी झाक उरते, ती हा फिल्टर उतरवतो. बरेच जण हे गाळतात आणि माणूस वरून चिकटवल्यासारखा दिसतो. शेवटी 'ओव्हरले'ने नवी पार्श्वभूमी मागे आणा.

पारदर्शक फाइल जपायची असेल तर प्रोरेस ४४४४ किंवा व्हीपी९ निवडा, नेहमीच्या एच.२६४ एमपी४मध्ये पारदर्शकता टिकत नाही.

शूटिंगलाच माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभा करा, पडद्यावर सगळीकडे सारखा उजेड ठेवा. निम्मी झाक तिथेच टळते.