खेळाचा संगणक : पहिली बांधणी व पुढील तरतूद

सोलापूर हें मागांचें शहर. येथील चादरीवरचा नमुना जॅकार्ड यंत्राच्या छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून विणला जात आला आहे. नमुना बदलावयाचा झाला, तर विणकर पुठ्ठ्यांची माळ बदलतो. माग मोडीत काढीत नाहीं. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यानें ही युक्ति 1804 सालीं सिद्ध केली, आणि पुढें चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणकयंत्रास सूचना देण्यासाठीं तीच स्वीकारली. आज ज्या घरांत मुलांसाठीं खेळाचा पहिला संगणक बांधण्याचें घाटत आहे, त्या घरासहि विणकराचाच हिशेब उपयोगी पडेल : टिकावयाचें काय आणि बदलावयाचें काय, हें पैसे मोजण्यापूर्वीं ठरवावें.

अशा संगणकाचीं अंगें मोजकीं असतात. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवितें, रॅम चालू कामाची सामग्री हाताशीं ठेवते आणि एसएसडी ती कायम सांठविते. मदरबोर्ड या सर्वांस जोडतो, एसएमपीएस वीज पुरवितो व कॅबिनेट त्यांस आश्रय देतें.

खरेदीचा विचार मात्र पडद्यापासून करावा. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. 2560 गुणिले 1440 च्या पडद्यावर 36 लाख 86 हजार. म्हणजे पडदा एक पायरी वाढविला, कीं कार्डाचें ओझें पाऊणपटीहून अधिक वाढतें. सेकंदास 60 चित्रें हवीं असल्यास प्रत्येक चित्रास 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 हवीं असल्यास केवळ 6.9. साध्या पडद्यास अतिबलाढ्य कार्ड जोडणें हा जसा अपव्यय, तसेंच उत्तम कार्डास दुबळा प्रोसेसर देणें हाहि अपव्ययच. कारण मग कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसतें.

टिकाऊ अंगांत पहिला मान मदरबोर्डाचा. प्रोसेसर ज्या खोबणींत बसतो, तिचें आयुष्य तेंच पुढील सुधारणेचें आयुष्य होय. एएमडीची एएम4 ही खोबण 2016 सालीं आली, आणि 2022 सालीं निघालेला प्रोसेसरहि, बायोस अद्ययावत् केल्यावर, पुष्कळ जुन्या मदरबोर्डांत बसूं शकला. उलट इंटेलच्या 2021 मधील खोबणीची जागा 2024 मध्यें दुसरीनें घेतली. रॅमचेंहि तेंच : डीडीआर4 ची पट्टी डीडीआर5 च्या जागीं बसत नाहीं, कारण तिची खांच निराळ्या ठिकाणीं असते. म्हणून मावळत्या जातीचा मदरबोर्ड स्वस्त दिसला, तरी त्याची पुढील वाट बंद असते, हें ध्यानांत घ्यावें.

दुसरा मान एसएमपीएसचा. आजची गरज 350 वॅटची असली, तरी 650 वॅटचा व प्रतिष्ठित बनावटीचा घेतल्यास उद्यांच्या कार्डास जागा राहते. येथें केलेली काटकसर सर्वांत महाग पडते. हलका एसएमपीएस बिघडतांना शेजारच्या अंगांसहि घेऊन बुडतो.

सोलापुरांत उन्हाळ्याचा विचार टाळतां येत नाहीं. चैत्र-वैशाखांत पारा 40 अंशांवर चढतो, आणि पंख्याचें शीतन कोणत्याहि यंत्रास खोलीतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोली 12 अंशांनीं तापली, तर प्रोसेसर व कार्डहि जवळजवळ तितकेंच अधिक तापतात. मर्यादा गांठतांच आपली गति आपणच कमी करतात. यास्तव समोर जाळी असलेलें कॅबिनेट घ्यावें, धूळ वरचेवर झाडावी, आणि वीज अकस्मात् गेल्यास यंत्र रीतसर बंद करतां यावें म्हणून भार पेलेल असा यूपीएस जोडावा.

प्रत्यक्ष बांधणी एका दुपारचें काम आहे. अंगावरची स्थिर वीज उतरविण्यासाठीं प्रथम धातूच्या पृष्ठभागास स्पर्श करावा. प्रोसेसर खुणेशीं खूण जुळवून, जोर न लावतां ठेवावा. त्यावर औष्णिक लेप व शीतक बसवावा. रॅम खट् आवाज होईपर्यंत दाबावी. मग मदरबोर्ड कॅबिनेटांत कसून शेवटीं कार्ड लावावें. मॉनिटरची तार मदरबोर्डास नव्हे, तर कार्डास जोडावी. नवशिके येथेंच चुकतात.

पुढील सुधारणांचा क्रमहि आरंभींच आंखावा. सांठवण अपुरी पडतांच दुसरी एसएसडी. तीन-चार वर्षांनीं नवें कार्ड. आणि त्या कार्डास जुना प्रोसेसर आवरेनासा झाला, तरच प्रोसेसर. "उद्यां स्वस्त होईल" या भरंवशावर सर्वस्वीं विसंबूं नये : 2021 सालीं ग्राफिक्स कार्डें आणि 2025 च्या अखेरीस रॅम अशा दोन्ही वस्तु महागल्या होत्या. तथापि, भविष्याच्या भीतीनें आजच भारी कार्ड घेणेंहि शहाणपणाचें नव्हे; कारण बदलावयाच्या वस्तूवरील जादा पैसा परत येत नाहीं, टिकावयाच्या वस्तूवरील पैसा मात्र प्रत्येक सुधारणेच्या वेळीं वांचतो. प्रत्येक अंगाचें नांव, खरेदीची तारीख व हमीची मुदत एका वहींत टिपून, पावत्या तींतच ठेवाव्या. ती वही ज्या घरांत आहे, तेथें दुसरा संगणक विकत घेण्याचा प्रसंग फार उशिरा येतो.