बेसबॉल गेममधला कार्डांचा बाजार. पदरचे पैसे न घालता संघ कसा जमवावा?

'एमएलबी द शो' या अमेरिकी बेसबॉल व्हिडिओ गेममधील 'डायमंड डायनेस्टी' प्रकारात खेळाडूंची कार्डे जमवून संघ बांधतात. व्यवहार चालतो 'स्टब्स' या गेममधल्याच चलनावर. खरे पैसे मोजूनही स्टब्स मिळतात, पण घरच्यांच्या खात्याला हात लावायचे कारण नाही. मोमेंट्स, कॉन्क्वेस्ट खेळत राहिले की कार्डे सुटतातच.

उरलेली बाजारातून घ्यावीत. लगेच खरेदी महाग पडते. आपला भाव लावून थांबावे. विकताना १० टक्के कपात होते, मालाच्या पट्टीत दिसते तशीच. १००० स्टब्सला घेतलेले कार्ड ११०० ला विकले तर हाती ९९०, म्हणजे घाटाच! १३०० ला गेले तर कुठे १७० सुटतात. कलेक्शनमध्ये लॉक केलेले कार्ड मात्र परत विकता येत नाही. आधी बक्षीस बघावे, मगच लॉक करावे.