रेंज फुल, तरी फोन लागेना
संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर फोनला रेंज फुल दिसते, पण कॉल लागत नाही. अडचण सिग्नलची नसते, गर्दीची असते. फोरजीत फोन आधी टॉवरला छोटीशी हाक देतो. अशा हाकांचे नमुने टॉवरच्या एका सेलमध्ये (क्षेत्रात) फक्त ६४. दोघांनी एकाच क्षणी एकच नमुना उचलला की टक्कर होते आणि निदान एकाला तरी थांबून पुन्हा हाक द्यावी लागते.

कॉल लागला आणि लोकल सुटली की फोन आसपासच्या टॉवरांची ताकद मोजून कळवत राहतो. कॉल कुणाकडे सोपवायचा, हे नेटवर्क ठरवतं. नवा टॉवर ठरावीक फरकाने, काही क्षण सलग सरस असावा लागतो. ही खबरदारी फार मोलाची, नाहीतर कॉल दोन टॉवरांमध्ये हेलपाटेच घालत बसेल.

गर्दीत घाईने पुन्हापुन्हा डायल करू नका, एसएमएस पाठवा. त्याला जागा फार थोडी लागते.