नाकांतील बिऱ्हाडकरू

गेल्या पौषांतली गोष्ट. आमच्या हिवरे बाजारास त्या दिवसांत डोंगरावरून उतरणारा गारठा चांगलाच झोंबतो. मोठ्या नातवास पडसें झालें व चार दिवसांनीं तें त्याच्या सात महिन्यांच्या बहिणीकडे गेलें. आम्हीं नेहमींप्रमाणें वेखंडाचा लेप सांगून मोकळे झालों. "मामंजी, तिचा श्वास पाहा," असें म्हणून धाकट्या सूनबाईनें मुलीचें अंगडें वर केलें, घड्याळ पुढें ठेवलें आणि मोजण्यास आरंभ केला. एका मिनिटांत बासष्ट श्वास भरले. शिवाय प्रत्येक श्वासागणिक फासळ्यांखालची जागा आंत ओढली जात होती. तशीच तिला नगरास नेली. आमची आजी ज्याला 'डबा' म्हणे व डॉक्टर न्युमोनिया म्हणतात, तो हा रोग. मुलगी आठ दिवसांत बरी होऊन आली. आमचा पस्तीस वर्षांचा मास्तरकीचा अधिकार मात्र घरांत थोडा उतरला, व तो उतरणें योग्यच होतें.

न्युमोनिया अनेक जंतूंनीं व विषाणूंनीं होतो. परंतु मुलांनीं व वृद्धांनीं ज्याची विशेष धास्ती बाळगावी, तो जंतु न्युमोकोकस होय. १८८१ सालीं फ्रान्समध्यें लुई पाश्चर व अमेरिकेंत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनीं एकमेकांस नकळत त्याचा शोध लावला. सूक्ष्मदर्शकाखालीं तो जोडीजोडीनें दिसतो. प्रत्येक कण भाल्याच्या पात्यासारखा किंचित् निमुळता. अंगाभोंवतीं शर्करेचें बुळबुळीत कवच असतें, त्यामुळें आपल्या रक्तांतील भक्षक पेशींच्या हातीं तो सहसा लागत नाहीं. या कवचाच्या घडणीवरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत.

वाचकांस नवल वाटेल, पण हा शत्रु बाहेरून एकाएकीं चाल करून येतो असें नव्हे. नाक व घसा जेथें मिळतात तेथें तो आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेहि, निमूटपणें बिऱ्हाड करून राहतो. लहान मुलांत हें बिऱ्हाड फार आढळतें. खोकल्याशिंकेच्या तुषारांतून तो एकाच्या नाकांतून दुसऱ्याच्या नाकांत जातो, आणि बहुतेकांस त्याची वार्ताहि नसते. श्वासमार्गाच्या अस्तरावर सूक्ष्म केसांची दाट रांग असून ती आंतला कफ अहोरात्र वर लोटीत असते. या झाडलोटीमुळें तो फुप्फुसांत उतरूं शकत नाहीं.

इन्फ्लुएंझासारखा विषाणु आला म्हणजे मात्र पारडें फिरतें. अस्तर खरवडलें जातें, केसांचें काम मंदावतें, आणि अस्तरावरील शर्करा मोकळी होऊन जंतूस आयता शिधा मिळतो. मग तो खालीं उतरतो. त्याचें विष पेशींना भोंकें पाडतें, आणि जेथें हवा खेळावी त्या बारीक कोशांत पाणी व पू सांचतो. १९१८ च्या साथींत आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्या साथींत जगभर जे मृत्यु झाले, त्यांतील पुष्कळांचें कारण इन्फ्लुएंझाच्या मागून आलेला असा न्युमोनियाच होता.

श्वास मोजण्याची युक्ति साधी दिसते, पण तिच्यामागें मोठें काम आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गडचिरोलीच्या खेड्यांत गांवच्याच माणसांना व दायांना हा रोग ओळखून औषध देण्यास शिकविलें. ज्यांना आंकडे येत नव्हते त्यांच्यासाठीं वाळूचें घड्याळ व मणी असें साधन केलें. १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्याचा वृत्तांत आला: तुलनेच्या गांवांपेक्षां तेथील न्युमोनियाचे बालमृत्यु निम्म्याहून कमी भरले. मूल शांत असतांना पूर्ण मिनिटभर मोजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळास साठ, वर्षाच्या आंत पन्नास, पांच वर्षांच्या आंत चाळीस, इतके किंवा अधिक श्वास भरल्यास दवाखाना गांठावा. छाती आंत ओढली जात असल्यास तर क्षणाचाहि विलंब नको. २०२१ सालीं कोरोनाच्या दिवसांत आमच्या गांवांत घरोघर ताप-खोकल्याची चौकशी होत असे. श्वास मोजण्यास त्याहून अधिक सायास पडत नाहींत.

आतां लशीविषयीं. सरकारी लसीकरणांत ती २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें आली व २०२१ सालीं देशभर झाली. सहावा आठवडा, चौदावा आठवडा व नववा महिना अशा तीन मात्रा विनामूल्य मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेंहि दहा प्रकारांवरील लस केली असून ती २०२० च्या अखेरीस बाहेर आली. लस सर्वच प्रकारांना आवरीत नाहीं, हें खरें. पण टोचलेल्या मुलांच्या नाकांत त्या त्या प्रकारांस सहसा थारा मिळत नाहीं; म्हणून जेथें मुलांना ती सर्रास दिली गेली, अशा कित्येक देशांत न टोचलेल्या म्हाताऱ्यांतहि हा रोग घटला. नातवाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आम्हां आजोबामंडळींस याचें महत्त्व सांगणें नको.

नगरच्या डॉक्टरांनीं लशीचें कार्ड मागितलें तेव्हां आमची मान खालीं गेली. चौदाव्या आठवड्याची मात्रा घरच्या मुंजीच्या गडबडींत राहून गेली होती, आणि "पुढच्या खेपेस देऊं" असें म्हणणारे आम्हीच होतों. मुलगी बरी झाल्यावर गांवांत लसीकरणाचा दिवस आला तो नेमका एकादशीचा. पूजा तशीच ठेवून आम्ही स्वतः तिला घेऊन गेलों. फराळास त्या दिवशीं दोन वाजले.