तुळईचे लाकूड : नाव, प्रत आणि ओलावा

गोव्याच्या कौलारू घरातील आढे असो, की इंदूरच्या जुन्या वाड्यातील कडीपाट असो, ज्या सुताराने तो घडविला त्याला आपले लाकूड पूर्ण परिचयाचे होते. सागवान किती भार सोसते, बाभूळ कोठे फाटते, हे ज्ञान त्याला वाडवडिलांकडून मिळालेले असे. आज कांडला बंदरात मलेशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथून लाकूड उतरते आणि तेथून गावोगावच्या वखारींत पोहोचते. ब्रह्मदेशानेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यामुळे नवनव्या जातींकडे वळणे भाग पडले. या लाकडांविषयी पिढीजात अनुभव मात्र कोणापाशीच नाही.

अशा वेळी बांधकामाचे नियम आड येतात, अशी तक्रार ऐकू येते. परंतु नियमांचा कटाक्ष लाकूड परदेशी असण्यावर नसून ते अनोळखी असण्यावर आहे. दार, खिडकी वा कपाट यांविषयी फारसा प्रश्न उद्भवत नाही. तुळई, वासा, खांब व कैची ही मात्र माणसांच्या डोक्यावरील भार वाहतात. तेथे लाकडाचे बळ आकड्यांत ठाऊक असावे लागते.

भारतीय मानक ८८३ मध्ये इमारती लाकडांचे तीन गट केलेले आहेत. भाराखाली लाकूड किती वाकते, हे त्याच्या लवचिकतेच्या गुणांकावरून ठरते. हा गुणांक दर चौरस मिलिमीटरला १२,६०० न्यूटनांहून अधिक असल्यास पहिला गट, ९,८०० ते १२,६०० पर्यंत दुसरा आणि ५,६०० ते ९,८०० पर्यंत तिसरा. साल पहिल्या गटात आहे, सागवान दुसऱ्या आणि देवदार तिसऱ्या. हे आकडे प्रत्यक्ष नमुने मोडून मिळवावे लागतात. १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने देशी जातींसाठी हे काम वर्षानुवर्षे केले. ज्या जातीचे आकडेच उपलब्ध नाहीत, तिच्या तुळईची जाडी अभियंत्याने कशाच्या आधारे ठरवावी?

‘कठीण लाकूड’ हा शब्दही फसवा आहे. वनस्पतिशास्त्रात तो रुंद पानांच्या वृक्षांना लावतात. त्यामुळे कापसासारखे हलके बाल्सासुद्धा कठीण लाकडांतच मोडते! व्यापारी नावांचीही तीच गत. मेरान्टी हे एका झाडाचे नाव नव्हे. शोरिया कुळातील अनेक जातींना ते दिले जाते आणि त्यांच्या वजनात व बळात पुष्कळ तफावत असते. आपला साल आणि मलेशियाचा वजनदार बालाव हेही त्याच कुळातील. म्हणजे केवळ नाव वा रंग पाहून भरवसा ठेवणे धोक्याचे होय.

जात ठरल्यावरही काम संपत नाही. गाठी, तडे व तंतूंचा तिरपेपणा पाहून प्रत ठरवावी लागते. लाकूड घरात, उघड्यावर की सतत ओलाव्यात राहणार, यावरही त्याच्यावर टाकावयाचा भार अवलंबून असतो. हवेतील दमटपणानुसार देशाचे चार विभाग करून लाकडात किती ओलावा चालेल, याच्या मर्यादाही मानकांत घालून दिल्या आहेत. हैदराबादच्या कोरड्या हवेत योग्य ठरणारे माप गोव्याच्या किनाऱ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाही.

राष्ट्रीय बांधकामसंहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली व २०१६ साली ती सुधारण्यात आली. स्थानिक संस्थेने आपल्या उपविधींत स्वीकारल्यावरच तिला कायद्याचे बळ येते. म्हणून लहान गावांत घरमालकानेच सावध राहावयास हवे. लाकडाची नेमकी जात, त्याची प्रत आणि त्यातील ओलावा या तीन गोष्टी त्याने पैसे मोजण्यापूर्वी विचाराव्यात. शंका वाटल्यास लहानसा तुकडा देहरादूनला किंवा बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेकडे पाठवून जात ओळखून घेता येते. वासा छपरात चढल्यावर तो बदलणे महागात पडते. वखारीत उभा असताना तो नाकारावयास मात्र काहीच खर्च येत नाही.