नेटवर्कच्या कड्यात बंद दार कोणते? ते मालकाने ठरवावे

दसरा-दिवाळी झाली की परभणी जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू होतो. मानवत, सेलू, परभणीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागतात. पूर्वी काट्यावरचा मुनीम वहीत वजन लिहीत असे. आता वजन, पावती, गोदामाचा साठा आणि खाते हे सारे संगणकावर आले आहे. अशा वेळी संगणकांना जोडणारी तार तासभर बंद पडली तर शेतकरी पावतीविना उभा राहतो आणि गाडी दुसऱ्या अडत्याकडे वळते. म्हणून या तारेच्या मांडणीची थोडी माहिती आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना असणे गरजेचे आहे.

समजा, एका व्यापाऱ्याची पेढी, वजनकाटा, गोदाम आणि जिनिंग अशी चार ठिकाणे एकाच आवारात आहेत. प्रत्येक ठिकाणी एक स्विच आहे. पेढीपासून काटा, काट्यापासून गोदाम, गोदामापासून जिनिंग अशी सरळ ओळीत तार टाकली, तर मध्येच जेसीबीने तार तोडली की पुढचे सारे बंद. म्हणून जाणता कारागीर जिनिंगपासून परत पेढीपर्यंत चौथी तार टाकतो. आता तारेचे कडे झाले. एक तार तुटली तरी उलट्या बाजूने वाट मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट योजनेस मंजुरी दिली, तीतही ग्रामपंचायतींच्या जोडणीसाठी सरळ रेषेऐवजी कड्याची रचना स्वीकारली आहे. कारण हेच.

परंतु कड्याचा एक धोका आहे. एखाद्या संगणकाला दुसऱ्याचा पत्ता माहीत नसला की तो सर्वांना एकदम हाक देतो. ही दवंडीच म्हणा. स्विच ती दवंडी आपल्या बाकीच्या सर्व दारांतून पुढे पाठवितो. ही दारे म्हणजेच पोर्ट. कडे पूर्ण जोडलेले असेल तर दवंडी फिरून पुन्हा तेथेच येते आणि पुन्हा निघते. इथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे तो आपोआप मरत नाही. हजारो निरोप गरगर फिरू लागतात आणि क्षणार्धात सारे नेटवर्क ठप्प होते. यालाच लूप म्हणतात.

यावर उपाय १९८५ साली राडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना काढला. त्याचे नाव स्पॅनिंग ट्री. १९९० साली तो ८०२.१डी या मानकात आला. युक्ती साधी आहे. तारा सर्व जोडलेल्या ठेवायच्या, पण कड्यातले एक पोर्ट बंद ठेवायचे. कोठे तार तुटली तर तेच बंद पोर्ट आपोआप उघडते. जुन्या पद्धतीत यास ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मध्ये आलेल्या जलद पद्धतीत बहुधा एक-दोन सेकंदांत काम होते.

इथपर्यंत ठीक. पण कोणते पोर्ट बंद राहणार, हे कोण ठरवितो? आपण काही सांगितले नाही तर स्विच आपसांत ठरवितात, आणि त्यांचा निवाडा आपल्या धंद्याच्या सोयीचा असेलच असे नाही. ते प्रथम आपल्यातून एक म्होरक्या निवडतात. त्याला रूट म्हणतात. ज्याचा प्रायॉरिटी आकडा सर्वांत लहान तो रूट. कारखान्यातून येताना हा आकडा सर्वांचा ३२७६८ असतो. मग बरोबरी झाल्याने ज्या स्विचचा मॅक पत्ता लहान तो निवडला जातो. पुष्कळदा हा मान सर्वांत जुन्या स्विचला मिळतो.

आता आपल्या उदाहरणात गोदामातला जुना स्विच रूट झाला असे धरा. काटा आणि जिनिंग त्याला थेट जोडलेले आहेत. पेढी दोन्हीकडून सारखीच दूर आहे, म्हणून पेढीचेच एक पोर्ट बंद होते. ते जिनिंगच्या बाजूचे असेल तर जिनिंगच्या सर्व नोंदी आणि कॅमेऱ्यांची चित्रे गोदाम व काटा असा वळसा घेऊन पेढीला येतील. जिनिंगहून पेढीला थेट टाकलेली तार मात्र रिकामी पडून राहील. काट्याच्या तारेवर ओझे वाढेल, पावती हळू निघेल, आणि मालक विनाकारण नवा संगणक विकत घेईल.

उपाय असा. जेथे मुख्य संगणक व इंटरनेट आहे, त्या पेढीच्या स्विचला प्रायॉरिटी ४०९६ द्यावी. काट्याच्या स्विचला ८१९२ द्यावी, म्हणजे पेढीचा स्विच बिघडल्यास तो म्होरक्या होईल. मग काटा व जिनिंग पेढीशी थेट बोलतील. गोदामाला दोन सारख्या वाटा असतील. त्यांतली लहान आकड्याच्या काट्याकडची वाट तो निवडील आणि जिनिंगच्या बाजूचे आपले पोर्ट बंद ठेवील. कमी वर्दळीच्या तारेवर बंद दार आले. काट्याकडून गोदामाची तार तुटली तर तेच दार उघडेल.

दुसरे साधन पोर्टच्या खर्चाचे. जुन्या मापात १०० मेगाबिटच्या तारेचा खर्च १९ आणि गिगाबिटचा ४ धरतात. ज्या वाटेची बेरीज कमी ती चालू राहते. एखाद्या तारेवर रहदारी नको असेल तर त्या पोर्टचा खर्च वाढवावा. नव्या मापात हेच आकडे २,००,००० आणि २०,००० असे आहेत. म्हणून सर्व स्विच एकाच मापावर आहेत ना, हे पाहावे.

टेलिफोन कंपन्यांच्या कड्यांसाठी जी.८०३२ हे वेगळे मानक आहे. त्यात बंद ठेवायची तार आणि तिचा राखणदार स्विच कारागीरच आधी नेमून देतो, आणि ५० मिलिसेकंदांच्या आत वाट बदलावी अशी अपेक्षा असते. तात्पर्य एकच, की बंद दार नशिबावर सोडायचे नाही.

आमच्या समाजातील अनेक तरुण आज कॅमेरे व केबल जोडणीच्या धंद्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, स्वस्त साध्या स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते, तो कड्यात लावू नये. बंद पोर्टचाही दिवा बहुधा लागलेलाच असतो, म्हणून दिव्यावर भरवसा न ठेवता स्विचच्या आत जाऊन स्थिती पाहावी. काम संपल्यावर कोणता स्विच रूट, कोणते पोर्ट बंद, हे कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवावे.

आणि व्यापारी बंधूंनी पैसे चुकते करण्यापूर्वी, पेढी बंद असताना, आपल्यासमोर एकेक तार उपटून पाहावयास सांगावे. प्रत्येक वेळी काटा आणि जिनिंग पेढीशी जोडलेले राहिले तरच काम पुरे झाले समजावे. ही अर्ध्या तासाची चाचणी हंगामाआधी करावी. हंगामात त्यासाठी सवड मिळत नाही.