फलनप्रधान भाषेतील फाइलवाचन : हॅस्केलच्या संदर्भात एक विवेचन

संगणकावर साठविलेला मजकूर वाचणे ही क्रिया वरकरणी इतकी साधी आहे की, तिच्यामागे काही तात्त्विक प्रश्न दडला असेल अशी शंकाही सहसा येत नाही. परंतु भाषाभ्यासक जेव्हा शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके तयार करतो, तेव्हा त्याचे सारे निष्कर्ष याच क्रियेवर उभे असतात. मजकूर अपुरा वाचला गेला, अथवा एका वर्णाचे तीन वर्ण झाले, तरी कोष्टक तयार होतेच; ते दिसतेही नीटनेटके; मात्र ते खोटे असते. फलनप्रधान संगणकभाषांत, विशेषतः हॅस्केल या भाषेत, फाइलवाचनाचा विचार फार काटेकोरपणे झालेला आहे आणि तरीही तेथे काही खाचखळगे राहिले आहेत. त्या दोहोंचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

गणितातील फलनाचा मुख्य गुण असा की, तेच पद दिले असता तेच मूल्य मिळते. यामुळे एखाद्या पदावलीच्या जागी तिचे मूल्य ठेवले तरी अर्थात फरक पडत नाही. या गुणास संदर्भपारदर्शकता म्हणतात. तत्त्वज्ञ क्वाइन याने १९६० च्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’ या ग्रंथात भाषेतील वाक्यांच्या संदर्भात तिची चर्चा केली, आणि क्रिस्टोफर स्ट्रेची याने १९६७ च्या आपल्या व्याख्यानांत ती संज्ञा संगणकभाषांच्या विचारात आणली. म्हणजे ही कल्पना भाषेच्या तत्त्वज्ञानातूनच तिकडे गेलेली आहे.

आता फाइल वाचणारे एक फलन कल्पावे. त्यास फाइलचे नाव द्यावे व त्याने मजकूर द्यावा. काल त्या फाइलमध्ये शंभर ओळी होत्या, आज एकशे दहा आहेत. नाव तेच, मूल्य मात्र निराळे! तेव्हा हे फलन गणिती अर्थाने फलनच नव्हे. लिस्प आणि एमएल या जुन्या भाषांनी ही विसंगती व्यवहार म्हणून पत्करली. तेथे वाचनाची क्रिया इतर कोणत्याही फलनासारखीच लिहिली जाते. हॅस्केलच्या कर्त्यांना हा मार्ग मोकळा नव्हता. त्या भाषेत पदावलीचे मूल्य गरज पडेल तेव्हाच काढले जाते. साहजिकच कोणती पदावली केव्हा उलगडेल हे आज्ञावलीच्या लेखनावरून सहज सांगता येत नाही. अशा भाषेत वाचनाचा क्रमही अनिश्चित झाला असता.

२. संवादाकडून क्रियामूल्याकडे

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅस्केलच्या पहिल्या अहवालात यावर संवादाची योजना होती. संपूर्ण आज्ञावली हे एकच फलन मानले जाई. बाहेरून येणाऱ्या उत्तरांची यादी ते घेई आणि आपल्या विनंत्यांची यादी देई. ‘अमुक फाइल वाच’ ही विनंती. मजकूर किंवा अपयशाची सूचना हे तिचे उत्तर. योजना तत्त्वतः शुद्ध असली, तरी व्यवहारात अवघड होती. कोणत्या विनंतीचे कोणते उत्तर याचा हिशेब लेखकासच ठेवावा लागे, आणि विनंती करण्यापूर्वीच उत्तराकडे पाहिले तर आज्ञावली जागीच थांबे.

यातून सुटण्याचा मार्ग यूजेनिओ मोज्जी याने १९८९ ते १९९१ या काळात मांडलेल्या ‘मोनॅड’ या गणिती संकल्पनेतून निघाला. फिलिप वॅडलर याने ती फलनप्रधान लेखनपद्धतीत आणली. सायमन पेटन जोन्स व वॅडलर यांनी १९९३ च्या निबंधात वाचन-लेखनासाठी तिची योजना सांगितली. आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये ती अधिकृत झाली.

या योजनेचे मर्म भाषेच्या अभ्यासकास परिचित अशा एका भेदाने स्पष्ट करता येईल. ‘दार लाव’ असे म्हणणे वेगळे, आणि ‘दार लाव’ या वाक्याविषयी बोलणे वेगळे. पहिल्यात आज्ञेचा उपयोग आहे, तर दुसऱ्यात केवळ तिचा उल्लेख. हॅस्केलमधील ‘रीडफाइल’ या फलनास फाइलचे नाव दिले असता मजकूर मिळत नाही. मिळते ती मजकूर आणून देणारी क्रिया, म्हणजे आज्ञेचा उल्लेख. तेच नाव दिले की तीच क्रिया मिळते. म्हणून फलनाचा गणिती गुण अबाधित राहतो. आज्ञेचा प्रत्यक्ष उपयोग आज्ञावली चालू झाल्यावर तिच्या मुख्य क्रियेच्या द्वारेच होतो. दोन क्रिया एकापुढे एक जोडण्याचे साधन मोनॅड पुरवितो. पहिलीतून आलेला मजकूर दुसरीस मिळतो, आणि क्रमही त्यातच निश्चित होतो. शब्द मोजणारे फलन व फाइल वाचणारी क्रिया यांचे प्रकार भिन्न असल्याने त्यांची सरमिसळ कंपायलरच होऊ देत नाही. मोजणीचे फलन फाइलवाचून, साध्या वाक्यावरही तपासून पाहता येते, हा संशोधकाचा प्रत्यक्ष लाभ होय.

३. विलंबित वाचन व त्यातील धोका

येथवर सारे सुसंगत आहे. परंतु रीडफाइलने दिलेला मजकूरही विलंबित असतो. क्रिया पार पडताच फाइल उघडली जाते, पण तिच्यातील मजकूर जसजसा लागेल तसतसा तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो. याचा फायदा उघड आहे: प्रचंड फाइलमधील ओळी मोजावयाच्या असल्या, तरी एका वेळी स्मृतीत थोडाच मजकूर राहतो. मात्र एकूण शब्दसंख्या काढून पुन्हा त्याच मजकुरावर प्रत्येक शब्दाचे प्रमाण काढू लागले, की दुसऱ्या फेरीसाठी सारा मजकूर धरून ठेवावा लागतो आणि हा फायदा संपतो.

धोका याहून गंभीर आहे. फाइल उघडणे, मजकूर मागणे आणि फाइल मिटणे या तीन क्रिया ओळीने लिहिल्या, व मोजणी त्यांच्यानंतर ठेवली, तर मोजणीने मजकूर मागण्यापूर्वीच फाइल मिटलेली असते. १९९८ व २०१० या दोन्ही अहवालांनुसार अशा वेळी तोवर वाचला गेलेला मजकूर हाच संपूर्ण मजकूर ठरतो. आणि विलंबित वाचन चालू असता उद्भवलेल्या चुका मुकाट्याने सोडून दिल्या जातात. परिणामी मोजणी शून्य येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट येते. ग्लासगो कंपायलरच्या अलीकडील आवृत्त्या मिटलेल्या फाइलबाबत स्पष्ट हरकत घेतात, ही समाधानाची गोष्ट होय.

दुसरी अडचण संख्येची. हजारो फाइलींचा संग्रह एकामागून एक रीडफाइलने उघडला, तर त्या सर्व उघड्याच राहतात; एकही मिटत नाही, कारण एकीचाही मजकूर अद्याप शेवटपर्यंत वाचलेला नसतो. कार्यप्रणालीची मर्यादा (लिनक्सवर ती बहुधा १०२४ असते) ओलांडताच काम बंद पडते.

यावर उपाय तीन. पहिला, मजकूर एकदम पूर्ण वाचणारी क्रिया वापरणे. अशी क्रिया २०२१ पासून हॅस्केलच्या मूळ संग्रहातही आहे. दुसरा, ‘टेक्स्ट’ हा संक्षिप्त प्रकार वापरणे. हॅस्केलची मूळ ‘स्ट्रिंग’ म्हणजे वर्णांची साखळी. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर तीत एका देवनागरी चिन्हास सुमारे ४० बाइट लागतात, तर २०२१ मध्ये निघालेल्या टेक्स्टच्या दुसऱ्या आवृत्तीत अवघे ३. एक कोटी चिन्हांच्या संग्रहास हा फरक चाळीस कोटी व तीन कोटी बाइटांचा होतो. तिसरा उपाय प्रवाही वाचनाचा. ओलेग किसेलिओव्ह याने २००८ च्या सुमारास त्याचा पुरस्कार केला. त्यात तुकड्यांनी वाचन चालते, पण फाइल केव्हा मिटावयाची हे नेमके ठरलेले असते.

४. देवनागरी मजकुराचे विशेष

फाइलमध्ये वर्ण नसतात, बाइट असतात. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात अक्षरे तीन, युनिकोडची चिन्हे पाच (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी), आणि बाइट पंधरा. शब्दाची लांबी विचारली असता यांपैकी कोणती संख्या मिळते, हे वाचनाच्या रीतीवर अवलंबून आहे. ग्लासगो कंपायलरच्या २००९ मधील ६.१२ या आवृत्तीपूर्वी प्रत्येक बाइट हाच एक वर्ण मानला जाई. म्हणजे लांबी पंधरा येई. त्यानंतर संगणकाच्या स्थानिक व्यवस्थेप्रमाणे संकेतन ठरू लागले. म्हणून तीच आज्ञावली एका यंत्रावर नीट चालते व दुसऱ्यावर अडते. संकेतन यूटीएफ-८ आहे असे आज्ञावलीतच स्पष्ट लिहिणे हा यावरचा खात्रीचा मार्ग होय.

मजकूर बिनचूक वाचला गेल्यावरही तीन गोष्टी पाहाव्या लागतात. काही फाइलींच्या आरंभी एक अदृश्य खूण असते. ती न काढल्यास पहिला शब्द इतरत्र आलेल्या त्याच शब्दाहून वेगळा गणला जातो. दुसरे असे की, वर्ण ओळखणारे ‘इझअल्फा’ हे फलन काना, मात्रा, वेलांटी व हलन्तचिन्ह यांस वर्ण मानीत नाही. त्याच्या आधारे शब्द तोडले तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. तिसरी गोष्ट खास मराठीची. ‘सुऱ्या’ या शब्दातील अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ने, नुक्ता जोडलेल्या ‘र’ने, किंवा ‘र’, हलन्तचिन्ह व अदृश्य संयोजक यांनी, अशा तीन रीतींनी टंकित होऊ शकतो. पहिल्या दोहोंना युनिकोडचे प्रमाणीकरण एकरूप करते. तिसरीला करीत नाही. त्यासाठी अभ्यासकाने स्वतःच नियम द्यावा लागतो.

५. समारोप

हॅस्केलने वाचनाची क्रिया आणि मजकुराचा विचार यांना निरनिराळे प्रकार दिले, हे त्या भाषेचे मोठे कार्य होय. परंतु प्रकारांची शिस्त वाचन केव्हा होते आणि बाइटांचे वर्ण कसे होतात, या दोन प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती संशोधकाने उघडपणे लिहावी लागतात. शब्दगणनेवर आधारलेल्या प्रबंधात संग्रहाचे नाव व शब्दसंख्या यांबरोबर मजकूर कोणत्या संकेतनात, कोणत्या रीतीने वाचला आणि अर्ध्या ‘र’ची रूपे कशी एकत्र केली, हेही नमूद व्हावे. असे झाले तरच दुसरा अभ्यासक तीच गणना पुन्हा करून पाहू शकेल, आणि एखादे कोष्टक चुकलेले असल्यास ते उघडकीस येईल.